चाळीस टक्के पाय

वकीलबाईंनी पॅड पुढे ओढलं, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "बोला काका, किती मागायचे?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आईनेही माझ्याकडे पाहिलं. शेवटी वकीलबाईसुद्धा माझ्याकडेच पाहू लागल्या. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळे कोर्टाचं मला कळत असणार असं सगळ्यांनी धरलं होतं. माझा विषय इतिहास होता. नुकसानभरपाईबद्दल मी जे काही वाचलं होतं ते पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीला भरावी लागली तिच्याबद्दल, आणि तेही पाच मार्कांपुरतं.

"बाबा सांगतील," मी म्हटलं.

तेव्हा मला हे सोपं वाटलं होतं.

आम्ही तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर राहतो. भात आणि नागली वर्षाला जेमतेम पुरते. बाकीचं घर बाबांच्या चिकू तोडण्यावर चालतं. समुद्राकडच्या वाड्यांमध्ये चिकूची जुनी, उंच झाडं आहेत. वर चढून, फांदीवर पाय रोवून, टोकाला जाळी बांधलेल्या काठीने एकेक फळ उतरवावं लागतं. बाबा हे काम पंधराव्या वर्षापासून करत होते. मे महिन्यात एका सकाळी ते सायकलवरून वाडीकडे निघाले होते. मागून मासळीचा टेम्पो आला, कुत्र्याला वाचवायला वळला आणि बाबांवर आला. उजवा पाय मांडीत आणि गुडघ्यात मोडला. टेम्पोवाल्याने पळ काढला नाही. त्यानेच त्यांना उचलून मासळीच्या टोपल्यांमध्ये आडवं केलं आणि दवाखान्यात नेलं. पायात धातूची पट्टी घातली, स्क्रू घातले. तीन महिन्यांनी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "चालतील. काठी घेऊन चालतील. पण झाडबीड विसरा."

हे मी आईला सांगितलं. बाबांना सांगितलं नाही. बाबा घरी बसून काठीची जाळी नव्याने विणत होते, दिवाळीनंतर तोडणी सुरू होते म्हणून. दावा सहा महिन्यांच्या आत टाकायचा होता आणि दाव्यात आकडा लिहायचा होता. तो आकडा जर बाबा पुढच्या हंगामात झाडावर चढणार असं धरून लिहिला, तर पुढची सगळी वर्षं आम्ही काय खाणार, हे मला कळत होतं. आणि बाबा तर तसंच धरून चालले होते.

"बावीस हजार," बाबांनी सांगितलं.

वकीलबाईंनी लिहिलं. मग वर पाहून विचारलं, "पुढे काही आहे का? एखादं शून्य?"

"नाय. दवाखाना, गाडीभाडं, सायकल आणि या हंगामाची मजुरी." बाबा थोडे थांबले. "जास्त होतात का?"

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. डहाणू रोडला स्टेशनजवळ एका झेरॉक्सच्या दुकानावर त्यांचं ऑफिस होतं, आणि खालच्या मशीनचा आवाज त्यांच्या बोलण्यात सतत मिसळायचा. "काका, मी तीस वर्षं वकिली करते," त्या म्हणाल्या. "जास्त होतात का, असं मला दावा टाकणाऱ्याने पहिल्यांदा विचारलं."

"मी अजून त्याचं घर बघितलेलं नाय," बाबा म्हणाले. "बघून नक्की सांगतो."

वकीलबाईंना हे कळलं नाही, आणि तिथे समजावून सांगायला मला लाज वाटली. म्हणून इथे सांगते. आमच्या पाड्यात भरपाई मागायची एक रीत आहे. कुणाच्या बैलाने कुणाचं भात खाल्लं, भांडणात कुणाचं डोकं फुटलं, की ज्याचं नुकसान झालं तो स्वतः समोरच्याच्या घरी जातो. जाऊन काही बोलायचं नाही, नुसतं बसायचं आणि घर पाहायचं. कणगीत भात किती, दारात बकऱ्या किती, खाणारी तोंडं किती. तिथलं पाणी मात्र प्यायचं नाही, कारण पाणी प्यालं की भांडण मिटलं असं धरतात. मग घरी येऊन चार माणसांसमोर आपल्या तोंडाने आकडा सांगायचा, आणि तो समोरच्याला झेपेल एवढाच. न झेपणारा सांगितला तर लोक मागणाऱ्यालाच नावं ठेवतात. आमच्या घरची बोली मी इथे थोडी सोपी करून लिहिते आहे, पण ही रीत जशी आहे तशी लिहिली आहे.

टेम्पोवाला समुद्रकाठच्या वरोरचा होता. एका रविवारी बाबा, मी आणि बाबांची काठी असे तिघं एसटीने गेलो. जाताना मी त्यांना दोनदा म्हटलं की कोर्टात असं चालत नाही. दोन्ही वेळा ते म्हणाले, "तू बस फक्त."

घरासमोर मांडव होता. आत बायका गात होत्या. टेम्पोवाल्याच्या मुलीचं बारसं होतं.

तो आम्हाला पाहून आधी घाबरला, मग धावत आला आणि बाबांच्या पाया पडला. "काका, तुम्ही कशाला आले? मीच येणार होतो. या, बसा, जेवून जायचं."

बाबा बसले आणि रीतीप्रमाणे बोलले नाहीत. घराचे पत्रे पाहिले, वाळत घातलेले बोंबील पाहिले, माणसं मोजली. माणसं मोजणं अवघड जात होतं, कारण बारशाला सगळी आळी आलेली होती आणि बाबांनी सगळ्यांनाच घरची धरलं. टेम्पोवाल्याची आई तांब्या घेऊन आली.

"पाणी घ्या."

बाबांनी मान हलवली.

"चहा टाकू?"

बाबांनी पुन्हा मान हलवली.

"पाणी पण नाय घेत म्हणजे काय?" म्हातारी माझ्याकडे वळली. "काय गं, तुझा बापूस आमच्या घरात बाटतो काय?"

मी सांगायला लागले की असं नाही, आमच्यात रीत आहे, पाणी प्यालं तर दावा करता येत नाही. हे वाक्य अर्ध्यावर आल्यावर मला कळलं की ते बारशाच्या मांडवात बोलण्यासारखं नव्हतं. गाणं थांबलं होतं. टेम्पोवाला मात्र खूश झाला. त्याने बाबांच्या शेजारी खुर्ची ओढली आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, दावा करायचाच. आणि जोरात करायचा. माझं काही जात नाही, विमा आहे, कंपनी भरणार. दहा मागा. पंधरा मागा."

"पंधरा हजार," बाबा पहिल्यांदाच बोलले.

"पंधरा लाख हो."

तापात बडबडणाऱ्याकडे पाहावं तसं बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग उठले, काठी टेकत पाळण्यापर्यंत गेले, खिशातून एक्कावन्न रुपये काढून बाळाच्या उशाशी ठेवले आणि निघाले.

परतीच्या एसटीत ते म्हणाले, "पंधरा हजार कर. वीसेक माणसं खाणारी आहेत."

वकीलबाईंनी बावीस हजारांवर काट मारली नाही, कारण त्या मी सांगत असलेल्या गोष्टीवर इतक्या चिडल्या की पेन हातात घ्यायचंच विसरल्या. "समोरच्या पार्टीच्या घरी गेलात? बारशाला? आहेर केलात?"

"एक्कावन्नच," मी म्हटलं.

"उद्या कंपनीचा वकील उभा राहील आणि म्हणेल, हे दोघं आतून मिळालेले आहेत. काय सांगाल?" मग त्या बाबांना शांतपणे समजावू लागल्या. पैसे टेम्पोवाला देत नाही, कंपनी देते. कंपनी मोठी आहे. त्याचं घर पाहून आकडा ठरवायचा नाही.

बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "मग कंपनीचं घर कुठं आहे?"

"काका, कंपनीला घर नसतं."

"घर नाय तर देणार कुठून?"

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. मला वाईट वाटलं, त्यांच्यासाठीही आणि बाबांसाठीही, आणि काहीतरी मदत करावी म्हणून मी म्हणाले की शाखा असते, बोईसरला एक आहे, मोबाईलवर दिसते. मी हे बोलायला नको होतं.

शाखा दुसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट बंद होती. बाबा एकेक पायरी चढत होते, आधी काठी, मग डावा पाय, मग उजवा ओढून. पहिल्या मजल्यावर ते भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता. मी म्हटलं, परत जाऊ. ते म्हणाले, "जिना आहे हा. झाड असतं तर कधीच वर गेलो असतो." मी पुढची पायरी चढले.

वर एक लहान खोली होती. एका टेबलावर फायलींचा ढीग होता. दुसऱ्या टेबलाशी एक तरुण साहेब एकटाच डबा खात बसला होता. पंखा फिरत नव्हता. छताला एका कोपऱ्यात ओल होती आणि तिच्याखाली बादली ठेवलेली होती. बाबांनी बादलीकडे बराच वेळ पाहिलं. साहेबाने आमच्याकडे पाहिलं, बाबांचा पाय पाहिला, घास टाकून उठला, खुर्ची दिली आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. बाबांनी तो एका दमात रिकामा केला.

ग्लास खाली ठेवताना त्यांच्या लक्षात आलं. त्यांचा चेहरा मी अजून विसरले नाही.

"काय काम होतं?" साहेबाने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "बघायला आलो."

"काय बघायला?"

"ऑफिस."

त्याने थोडा विचार केला आणि पॉलिसीचं एक पत्रक माझ्या हातात दिलं. बाबांनी विचारलं, "तुम्ही किती जण इथं?"

"दोघं. एक मॅडम आहेत, रजेवर आहेत."

"पंखा कधीपासून बंद?"

"उन्हाळ्यापासून. वर कळवलंय." साहेबाचा आवाज जरा दुखावलेला होता. कदाचित त्याला हे आजवर कुणी विचारलं नसावं. "तुम्ही जेवलात का? भाकरी आहे."

येताना स्टेशनच्या बाकावर बाबा म्हणाले, "नऊ हजार."

"बाबा."

"पाणी प्यालो मी. त्यात त्याच्या घरात बादली ठेवलेली. आणि तो पोरगा, जेवता जेवता उठला." त्यांनी डोकं हलवलं. "नऊपण जास्त आहेत."

घरी आईने सगळं ऐकून घेतलं. ती चुलीपुढून न उठता म्हणाली, "आणखी एक घर बघू नका म्हणावं. बावीसचे पंधरा झाले, पंधराचे नऊ. पुढच्या खेपेला आपल्यालाच द्यायला लागतील." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "तू सांगितलंस काय त्याला, डॉक्टर काय बोलला ते?"

"नाही."

"मग तो हंगामाचेच मोजणार."

पुढच्या रविवारी सांगायचंच, असं मी ठरवलं होतं. बाबा ओट्यावर बसून जाळीचा शेवटचा वेढा घालत होते. मी शेजारी बसले आणि म्हटलं, "बाबा, डॉक्टर म्हणत होते..." त्यांनी दोरीचं टोक माझ्या हातात दिलं. "घट्ट धर." मी घट्ट धरलं. त्यांनी गाठ मारली, जाळी काठीच्या टोकाला बसवली, काठी उभी करून पाहिली आणि तिच्यातून वर आभाळाकडे बघत राहिले. "काय म्हणत होते डॉक्टर?"

"गोळ्या वेळेवर घ्यायला सांगितल्यात," मी म्हणाले. मी सरळ खोटं बोलले, आणि ते चांगलंही बोलता आलं नाही, कारण गोळ्या कधीच संपल्या होत्या. बाबांनी ते विचारलं नाही.

तिसऱ्या खेपेला आम्ही तिघं सरकारी दवाखान्याचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट घेऊन गेलो. मुदतीचे थोडेच दिवस उरले होते. वकीलबाईंनी ते वाचलं आणि कॅल्क्युलेटर काढला. त्या आता बाबांना विचारण्याच्या फंदात पडणार नव्हत्या. महिन्याला बारा हजार धरले, वर्षाचे केले, आणि म्हणाल्या, "आधारवर वय बावन्न आहे. या वयाला कोर्ट अकराने गुणतं."

"अकरा काय?" बाबांनी विचारलं.

"साधारण तेवढ्या वर्षांचं नुकसान असं समजा."

बाबा दुखावले. "अकराच? माझा बा सत्तरीपर्यंत चढत होता. शेवटी शेवटी डोळ्यांनी दिसत नव्हतं, हाताने चाचपून तोडायचा. अकरा कुणी काढले?"

"वरच्या कोर्टाने."

"त्यांना चढता येतं काय?"

वकीलबाई हसल्या, आणि मीही, पण बाबा हसत नव्हते. त्या पुढे म्हणाल्या, "बरं. आता अपंगत्व. इथे चाळीस टक्के लिहिलंय. म्हणजे जे आलं त्याचे चाळीस टक्के."

बाबांनी आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. मग मांडीपासून बोटाने खाली मोजत गेले आणि पोटरीवर थांबले. "चाळीस टक्के म्हणजे कुठपर्यंत? इथपर्यंत गेला?"

"तसं नाही. पायाची ताकद चाळीस टक्क्यांनी कमी."

"म्हणजे साठ आहे."

"हो."

"मग साठ टक्के झाडावर कसं चढायचं?" बाबांचा आवाज वाढला होता. अकराचा राग अजून गेला नव्हता. "बाई, तुम्ही लिहिणारी माणसं. झाडावर साठ टक्के कुणी चढत नाय. उजवा पाय फांदीत रोवायचा, त्याच्यावर सगळा भार टाकायचा, तेव्हा हात मोकळे होतात. नाय रोवला तर खाली. माणूस एक तर वर असतो, नाय तर खाली असतो."

खालचं मशीन मध्येच थांबलं. वकीलबाईंनी कॅल्क्युलेटर बाजूला सारला.

"मग तुम्ही कुठे आहात काका?"

बाबांचा हात अजून पोटरीवरच होता. मी माझ्या चपलांकडे पाहत होते. डॉक्टरांचं मी आधीच सांगितलं असतं तर हे त्यांना अशा परक्या टेबलासमोर सांगावं लागलं नसतं, एवढंच मला तेव्हा वाटत होतं.

"खाली," बाबा म्हणाले.

"असं लिहू? की यापुढे हे काम होणार नाही? शंभर टक्के?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने पदर नीट केला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड वळवलं.

"लिहा."

वकीलबाईंनी सावकाश लिहिलं. मग पुन्हा हिशेब केला, दवाखान्याचं, त्रासाचं मिळवलं, आणि म्हणाल्या की अठरा लाखांपर्यंत मागता येईल. कोर्ट सगळं मान्य करेल असं नाही, कंपनीचा वकील चाळीस टक्क्यांवरच अडून बसेल, पण मागण्यात चूक काही नाही. "आणि तुम्ही आत्ता झाडाचं बोललात ना, तेच तिथे बोलायचं. जसंच्या तसं. वाढवू नका, कमी करू नका."

"मी सांगायला पाहिजे ना," बाबा म्हणाले. "आकडा. माझ्या तोंडाने."

"सांगा की."

बाबा काठीवर भार देऊन उभे राहिले. चार माणसं हवीत म्हणून त्यांनी मोजलं. आई, मी, वकीलबाई, तीनच होतो. वकीलबाईंनी खाली हाक मारून झेरॉक्सवाल्याला वर बोलावलं. तो हातातल्या कागदांसकट आला आणि काय करायचं म्हणून त्याने विचारलं. "काही नाही, उभा राहा," वकीलबाई म्हणाल्या. तो उभा राहिला.

"अठरा लाख," बाबांनी सांगितलं. आवाज स्पष्ट होता. मग झेरॉक्सवाल्याकडे वळून त्यांनी जोडलं, "कंपनीचं घर गळतं आहे, ते मला माहीत आहे. पण एवढे लागतील."

झेरॉक्सवाल्याने मान डोलावली आणि काही न विचारता खाली गेला. बाबांनी सही केली. सहीला त्यांना वेळ लागतो. प्रत्येक पानावर ती थोडी वेगळी येत होती आणि दर वेळी ते "चालेल काय?" असं विचारत होते.

दावा दाखल झाला. निकाल कधी लागेल ते वकीलबाईंनाही सांगता येत नाही. पाड्यावर आकडा ऐकून काही जण हसले, काहींना राग आला, आणि एका काकांनी विचारलं की एवढे मागायला त्या कंपनीच्या किती बकऱ्या पाहिल्यास. बाबांनी त्यांना चाळीस टक्के आणि साठ टक्के समजावून सांगायला सुरुवात केली. ते अजून समजावत असतील.

दिवाळीनंतर आठवड्याभरात वाडीच्या मुकादमाचा फोन आला. मी फोन स्पीकरवर टाकून बाबांपुढे धरला.

"सोमवारपासून ये," मुकादम म्हणाला. "माल तयार आहे."

बाबांनी खाकरून घसा मोकळा केला. मला वाटलं ते म्हणतील, पंधरा दिवसांनी येतो. आईही दाराशी येऊन उभी राहिली होती.

"मी आता चढत नाय," बाबा म्हणाले. "दुसरा माणूस बघ."

मुकादम म्हणाला की पोरं नवीन आहेत, कच्चं-पक्कं कळत नाही, अर्धा माल हिरवाच उतरवतात.

"त्यांना वर चढू दे," बाबा म्हणाले. "मी खालून सांगेन कुठलं घ्यायचं, कुठलं ठेवायचं. त्याचे किती देशील?"

"खाली उभं राहायचे?" मुकादम हसला. "अर्धी मजुरी देईन."

"पाऊण," बाबा लगेच म्हणाले. "आणि बसायला खुर्ची."

ते कोणाचं घर बघायला गेले नाहीत, माझ्याकडेही पाहिलं नाही. मुकादमाने थोडं कुरकुरून हो म्हटलं. फोन बंद झाल्यावर बाबांनी नवी जाळी काठीवरून सोडवली आणि सोमवारी न्यायच्या पिशवीत घातली, वरच्या कुणाची फाटली तर द्यायला होईल म्हणून.

मी मात्र काळजीत पडले. दाव्यात काम शंभर टक्के बंद असं लिहिलं होतं, आणि इथे पाऊण मजुरी ठरली होती. दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी वकीलबाईंकडे गेले आणि सगळं खरं सांगितलं. "हेही लिहायचं. झाडावरचं काम गेलं ते गेलंच," त्या म्हणाल्या. मग पॅड पुढे ओढलं.

"खुर्ची देणार आहेत म्हणालीस?"

"हो."

"लाकडी की प्लॅस्टिकची?" त्यांनी विचारलं, आणि मी सांगायच्या आत लिहायला लागल्या.